कशावरून मॅडम

परतूरच्या आठवडी बाजारातला एक कलिंगडवाला एका बाईंना लांबून बघितलं की न सांगता सुरी हातात घेई. बाई येऊन उभ्या राहायच्या. तो म्हणायचा, "घ्या मॅडम, निव्वळ साखर हाये." बाई विचारायच्या, "कशावरून?" मग तो निमूटपणे फळाला तिकोनी काप देऊन लाल तुकडा सुरीच्या टोकावर पुढे धरायचा. बाई चाखायच्या, मान हलवायच्या आणि फळ काखेत घेऊन निघताना सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "ह्या परतुरात खरा धंदा करणारा हाच एक माणूस. इकायच्या आधी कापून दाखवतो."

एकदा त्या रांगेत मीही होतो. खरा धंदा करणाऱ्यांत आपला नंबर लागला नाही याचं मला उगाचच वाईट वाटलं, आणि काय विचित्र बाई आहे, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. मग आम्ही मुलीला घेऊन, लोकांना विचारत विचारत, स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका खत-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर पोचलो. ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या एक नामांकित मॅडम तिथे बसतात असं आम्हाला सांगितलं होतं. दार उघडं होतं आणि आत तीच बाई तेच कलिंगड कापत बसली होती.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या, बुटक्या, आणि सुती साडीवर पुढारी घालतात तसलं बिनबाह्यांचं जाकीट घालायच्या. पुढाऱ्यांच्या खिशात काय असतं ते आपल्याला कधी कळत नाही, पण बाईंच्या खिशात कुरमुरे, भोवरा, घुंगरू आणि साबणाच्या फुग्यांची बाटली असायची. खोलीत युरियाचा वास भरलेला असे आणि त्या वासाची मुलांना इतकी सवय झाली होती की खालच्या दुकानात पोतं फुटलं की वरची मुलं खुश होत. मुलांना बाई अहो-जाहो करायच्या आणि मोठ्यांना अरे-तुरे. पाच वर्षांच्या पोराला "बसता का दादा?" आणि त्याच्या कचेरीतल्या साहेब बापाला "ए, चपला तिकडं काढ." असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "लेकरायला कुणीच मान देत न्हाई, तुमाला सगळेच देतेत," त्या म्हणाल्या. "मी फकस्त बराबर करून राह्यले."

शिवाय त्यांच्या उजव्या हाताच्या बोटात अंगठीसारखं जपाचं यंत्र असे. देवळाबाहेरच्या दुकानांत मिळतं ते, अंगठ्याने बटण दाबलं की टक् वाजतं आणि आकडा पुढे सरकतो. माझ्या आईने, म्हणजे मायने, पहिल्याच दिवशी ते हेरलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाई लई देवाच्या दिसतेत रे. बोलता बोलता नाम चालूच हाये." मलाही बरं वाटलं. विज्ञान आणि अध्यात्म यांचा संगम वगैरे एक वाक्य मी तिथल्या तिथे मनात जुळवून ठेवलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगतो. थोडं सांगणं मला जमत नाही, पण प्रयत्न करतो. परतूरजवळच्या आष्टीला मी शाळेत मराठी शिकवतो. ते पोटासाठी. खरा मी आहे तो माईकवर. लग्न, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन, गुरुजींची निवृत्ती, काहीही असो, आमच्या भागात मांडव पडला की माईक माझ्या हातात येतो. नवरदेवाच्या मामाला फेटा बांधायचा असला की त्याच्यासाठी मी चार विशेषणं काढतो, आणि मामा कितीही चिक्कू असला तरी त्यातलं एक 'दानशूर' असतं. एकदा नवरीला यायला उशीर झाला आणि माझी सत्काराची माणसं संपली, तेव्हा मी आचाऱ्याचं, कूलरवाल्याचं आणि मांडवाबाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या मालकाचं स्वागत केलं. ट्रॅक्टरवाला बिनबोलावता जेवायला आला होता. तो बिचारा स्टेजवर आला, श्रीफळ घेतलं आणि रडला. तेव्हापासून माझी कीर्ती मंठ्यापर्यंत गेली.

आणि अशा माणसाची मुलगी बोलत नव्हती. ईश्वरी तेव्हा पाच वर्षांची व्हायची होती. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून त्यांची ओळ लावायची, पंख्याकडे बघत बसायची, काही हवं असलं तर आमचं मनगट धरून तिथवर ओढत न्यायची आणि आम्हाला कळलं नाही की जमिनीवर डोकं आपटायची. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑटिझम म्हणून सांगितलं होतं. मी मात्र विचारणाऱ्याला "आमच्या घराण्यात जरा उशिराच बोलतात" असं ठोकून देत होतो. मला दात यायच्या आधी वाचा आली असं माय सांगते, तेव्हा घराण्याचा दाखला माझ्या घरातच खोटा पडत होता.

पहिल्या भेटीत मी बाईंसमोर उभा राहिलो आणि माझी नेहमीची प्रस्तावना सुरू केली. आपल्या कार्याची महती ऐकून आम्ही आपल्या या छोटेखानी पण पवित्र वास्तूत, वगैरे. बाई माझ्याकडे न बघता ईश्वरीकडे बघत होत्या आणि बोटातलं यंत्र मधूनमधून वाजत होतं. मी मुलीचा जन्म, त्या वेळचं हवामान, तिचे ग्रह, तिच्या आजोबांचा स्वभाव इथपर्यंत आलो तेव्हा बाईंनी हात वर केला.

"मास्तर, पोरगी काय करून राह्यली, बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. ईश्वरी त्यांच्या जाकिटाच्या खिशाजवळ उभी होती.

"ती फुग्याच्या बाटलीकडं बघती, मंग तुझ्याकडं बघती. तिला काही सांगायचं हाये. पण तुझं हवामान चालू हाये." मग त्यांनी बोट पुढे केलं. "हे जपाचं न्हाई. लेकरू काही सांगाया जातं अन् मोठं माणूस मधीच तोंड घालतं, ते मोजायला ठेवलंय."

मी आकडा बघितला. तो इथे लिहिणार नाही, कारण माझे विद्यार्थी हे वाचण्याची शक्यता आहे. मायला घरी गेल्यावर खुलासा केला तेव्हा ती म्हणाली, "तरीच म्हटलं, येवढा जप कुणाचा व्हतो."

बाईंनी मग विचारलं, आतापर्यंत काय काय केलं? मी मान खाली घालून सांगत गेलो. वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं. शंखात रात्रभर ठेवलेलं पाणी पाजलं. कुणीतरी सांगितलेल्या तेलाने टाळू चोळली. उंटिणीच्या दुधाची पावडर मागवली. इथपर्यंत बाई शांत होत्या. मग माझ्या बायकोने, जी आमच्या घरात माझ्यामुळेच फार कमी बोलते, हळूच सांगितलं, "अन् पोपट बी झाला."

पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की मूल बोलतं, असं आमच्याकडे म्हणतात. शिकलेला माणूस असल्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवत नव्हतो. फक्त करून बघायला हरकत नव्हती. आष्टीच्या बाजारात चिठ्ठी काढणारा एक पोपटवाला बसायचा. त्याच्यापुढे मी पेरू घेऊन उकिडवा बसलो. पोपटाने पेरूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. पोपटवाला म्हणाला, त्याला मिरची आवडती. मी म्हणालो, मिरची मुलीला कशी देऊ? मग मी पोपटाची समजूत घालू लागलो. माझे सातवीचे विद्यार्थी शेजारच्या भेळीच्या गाड्यावर उभे होते. पोपटाशी मराठीचे सर बराच वेळ बोलत होते आणि पोपट एकही शब्द बोलला नाही, ही बातमी दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या आधी पोचली होती.

बाई अजिबात हसल्या नाहीत. "मंग? पेरू कुणी खाल्ला?"

"पोपटानं थोडी चोच लावली शेवटी. पण ईश्वरी पेरू खात नाही. म्हणून मीच..."

"तरीच," बाई म्हणाल्या.

ईश्वरी बरी कधी होईल, असं मी त्या दिवशी विचारलं. "आजारी हाये का?" बाईंनी विचारलं. मी म्हणालो, आजारी नाही. "मंग बरी कशी व्हईल? तिला तिचं सांगता आलं पायजे, येवढंच आपलं काम." मी म्हणालो, मॅडम, मला फक्त तिच्या तोंडून एकदा 'बाबा' ऐकायचंय. "ते तुझं मागणं झालं. तिचं काय मागणं हाये ते बघ आधी." मला राग आला. पण रागाने बोलायला तोंड उघडलं की बाईंचा अंगठा बटणावर जायचा, त्यामुळे तो राग अजून माझ्याकडे शिल्लक आहे.

काम सुरू झालं ते चित्रांच्या कार्डांनी. मी हौसेने ऑनलाइन एक महागडा संच आधीच मागवून ठेवला होता. त्यात पेंग्विन होता, बर्फाचं घर होतं, नाताळचं झाड होतं. बाईंनी एकेक कार्ड बघून विचारलं, "हिला आष्टीत बर्फाचं घर मागायची पाळी कधी येणार?" मग त्यांनी बायकोला घरातल्याच वस्तूंचे मोबाइलवर फोटो काढायला लावले. ईश्वरीचा पितळी पेला, भाकर, झोका, चिमट्यांची टोपली, आणि त्यांच्या स्वतःच्या खिशातली फुग्यांची बाटली. बाई फुगे उडवायच्या, मग बाटलीचं झाकण घट्ट लावायच्या आणि गप्प बसायच्या. कार्ड समोर, हात पसरलेला, तोंड बंद. ईश्वरी बाटली ओढायची, बाई गप्प. मनगट धरायची, बाई गप्प. मागे बसलेली बायको अगदी हलकेच तिचा हात कार्डाकडे न्यायची, आणि कार्ड तळहातावर पडलं की लगेच फुगे. दर वेळी बायको हात जरा कमी लावायची.

मी कोपऱ्यात बसून हे बघायचो आणि माझा जीव जायचा. लोक गप्प बसलेत आणि कुणी काही बोलत नाही, ही माझ्या धंद्यात आणीबाणीची परिस्थिती असते. "घे ना बाळा, दे ना मॅडमला, फुगा, फु-गा," असं माझ्या तोंडून निघून जायचं. टक्. एका दुपारी मात्र मायने मला गुटख्याच्या पुड्या विकणाऱ्याच्या शेजारी खाली रस्त्यावर उभं केलं होतं आणि तेव्हाच वर ईश्वरीने कुणीही हात न लावता कार्ड उचललं, चालत गेली आणि बाईंच्या हातात ठेवलं. मला हे खाली बायकोने येऊन सांगितलं. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं आणि मी ते बघायला नव्हतो, आणि मी नव्हतो म्हणूनच ते झालं असं सगळ्यांचं मत पडलं.

मग घरात श्रेयाची मारामारी सुरू झाली. माय म्हणाली, शंखाचं पाणी लागलं. माझी बहीण म्हणाली, दुधाची पावडर तिने सुचवली होती. तेल सुचवणारा शाळेतला एक सहकारी पेढे मागायला आला. मी बाईंकडे जाऊन म्हणालो, मॅडम, हे अडाणी लोक काहीही म्हणोत, श्रेय तुमचंच.

"कशावरून?"

मी गोंधळलो. स्वतःची तारीफ कापून दाखवा म्हणणारी बाई मी आधी बघितली नव्हती.

"तुम्ही सगळं एकदमच चालू केल्तं. मंग कशानं झालं ते कळणार कसं?" बाई म्हणाल्या. "हे कार्डाचं काम जगात लई ठिकाणी तपासून झालंय, म्हून मी करते. पण तपासलेली गोष्ट बी हरेक लेकराला लागू पडतीच असं न्हाई. म्हून आपल्या लेकरावर पुन्हा तपासायची. एकेक बंद कर. आधी तेल. मंग दूध. मंग पाणी."

माय चिडली. बाई तिला मात्र अहो-जाहो करायच्या, कारण म्हातारपण आणि लहानपण त्यांनी एकाच खात्यात धरलं होतं. "आजी, तुमचं पाणी गुणाचं असलं तं बंद केल्यावर फरक पडंल. पडला तं मी सोता शंख इकत आणते." हे मायला पटलं. एकेक बंद झालं. ईश्वरी आपली कार्डं देत राहिली, उलट पेल्याचं कार्डही देऊ लागली. मायने शंख देवघरात परत ठेवला आणि काही दिवस माझ्याशी अबोला धरला, कारण बाईंशी धरता येत नव्हता.

"आता राह्यलं एक," बाई म्हणाल्या. "ए मास्तर, घरी तू गप बसतोस का आता?"

"बसतो. तुमच्या धाकाने."

"बंद कर. पयल्यासारखा बोल."

इतकी आनंदाची आज्ञा मला कुणी दिली नव्हती. मी दिवसभर बोललो. ईश्वरीच्या जेवणाचं निवेदन केलं, आंघोळीचं निवेदन केलं, कार्डाकडे तिचा हात जायच्या आधी "झोका हवा का, माझ्या राणीला झोका हवा" म्हणून तिला झोक्यावर नेऊन बसवलं. आठवडाभरात कार्डं टोपलीत पडून राहिली. ती पुन्हा आमची मनगटं ओढू लागली. मी घाबरलो. मिळालेलं हातचं जातंय, या भीतीने मला जेवण जाईना, आणि मी परतूरला जाऊन बाईंना जवळजवळ ओरडून म्हणालो की हा खेळ बंद करा. त्या म्हणाल्या, "कर बंद. गप बस." मी गप्प बसलो. कार्डं परत आली.

अशा रीतीने शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालं की तेल, दूध, शंखाचं पाणी आणि पोपट या सगळ्यांपेक्षा माझं तोंड बंद ठेवणं हे जास्त गुणकारी औषध आहे. बायको म्हणाली, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं.

हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती ती एकच गोष्ट होती, ईश्वरीचं डावं मनगट. आवाज वाढला, गर्दी झाली की ती ते चावायची. चुलत बहिणीच्या लग्नात मी स्टेजवरून फार कौतुकाने पुकारलं, "आता नवदांपत्याला फूल द्यायला येत आहे माझी लाडकी लेक ईश्वरी!" माझ्या एका मेहुण्याने तिला उचलून स्टेजवर आणलं. शेजारीच माणसाएवढा स्पीकर होता. तिने मनगट तोंडात घातलं ते रक्त येईपर्यंत सोडलं नाही. फोटोग्राफर "इकडं बघ बेटा" म्हणत होता. मी माईक खाली ठेवायला हवा होता, पण त्या क्षणी मला सुचलं ते असं की लोकांना काहीतरी सांगून सावरून घ्यावं. मी माईकवरूनच सांगितलं, मुलगी जरा लाजाळू आहे.

बाईंनी ते मनगट बघितलं. मग एक लाल कार्ड काढलं. त्यावर आडवा तळहात होता. "आता हे. नको."

मी म्हणालो, "मॅडम, 'बाबा' राहिलं बाजूला, आधी 'नको' शिकवायचं?"

माय म्हणाली, "पोरीच्या जातीला न्हाई म्हणाया शिकवता व्हय?"

"पोरीची जात हाये म्हूनच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला. "आज मेव्हण्यानं उचललं. उद्या कुणी हात धरून नेलं तं ही काय करणार? सोताचाच हात चावणार? आजी, तुम्ही न्हाई राहणार, मी न्हाई राहणार, हा मास्तर बी जन्माला पुरणार न्हाई. हिचं 'नको' हिच्यापाशी पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अन् ऐक. तिनं हे कार्ड दिलं की थांबायचं. कुणी बी असो, काय बी चालू असो. एकदा जरी न ऐकल्यासारखं केलंस तं हे कार्ड मेलं."

लाल कार्डाचा पहिला मानकरी मीच झालो. संध्याकाळी मी ईश्वरीला झोक्यावर घेऊन एक अंगाई म्हणायचो, माझीच रचना, चाल माझीच, आवाज तर काय विचारूच नका. बायकोने तिचा हात धरून कार्ड माझ्या हातात ठेवलं. मी थांबलो. ईश्वरीने माझ्या तोंडाकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने ते स्वतः दिलं, पहिल्या ओळीवर. तिसऱ्या दिवशी मी घसा साफ करतानाच. इतकी वर्षं ती हे ऐकून घेत होती, हे तेव्हा कळलं. मग भेंडीला कार्ड मिळालं, डोक्याच्या तेलाला मिळालं, मायच्या पाप्यालाही मिळालं. घरात 'नको'चा सुकाळ झाला आणि मनगटावरची खपली हळूहळू सुकू लागली. पण हे सगळं घरात. बाहेर, गर्दीत, स्पीकरपुढे काय होईल, ते बाईंनाही माहीत नव्हतं. "अजून कापून पाह्यलं न्हाई," एवढंच त्या म्हणायच्या.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाईंनी माडी सोडायचं ठरवलं. त्यांनी तयार केलेल्या दोन मुली तिथे बसणार होत्या आणि त्या स्वतः केदारखेड्याला, भावाच्या घरी जाणार होत्या. आता या बाईंचा सत्कार करायचा नाही तर कुणाचा? पण सरळ विचारलं तर त्या आल्या नसत्या. म्हणून मी आष्टीत पालकांची सभा आहे, ऑटिझमबद्दल प्रश्न विचारायचेत, असं सांगून त्यांना बोलावलं. आल्या तर समोर मंगल कार्यालय, पांढऱ्या कपड्याच्या खुर्च्या, शाल, श्रीफळ, आणि चोरून काढलेल्या त्यांच्या फोटोखाली केवढ्या तरी अक्षरांत 'चमत्कार घडवणाऱ्या माउली'. बाई त्या फलकापुढे उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी नमस्कार करून त्यांना खुर्चीपर्यंत नेलं, कारण लोकांसमोर त्या मला "ए" म्हणणार नाहीत अशी माझी समजूत होती.

"ए, हे काय करून राह्यलास?" बाई म्हणाल्या. पण तोपर्यंत मी माईक घेतला होता.

ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होणार होतं. मी ते तोंडपाठ केलं होतं. सुरुवातीलाच बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. साउंडवाल्याने माझा आवाज घुमावा म्हणून वेगळी सोय केली होती. मी मनगटाच्या प्रसंगाकडे येत होतो, आणि त्यापुढे तीन उपमा आणि एक कविता शिल्लक होती, तेवढ्यात पहिल्या ओळीत बसलेल्या ईश्वरीने कानांवर हात दाबले. मग एक हात खाली आला. मला ठाऊक होतं तो कुठे जाणार. तोंड मात्र चालू राहिलं, सवयीने.

हात तोंडाकडे गेला नाही. फ्रॉकच्या खिशात गेला. ती उठली, एवढ्या लोकांतून, तसल्याच माणसाएवढ्या स्पीकरच्या बाजूने स्टेजच्या पायऱ्या चढली आणि माझ्या माईक धरलेल्या हातावर लाल कार्ड ठेवलं.

माझं वाक्य अर्धं होतं. क्रियापद यायचं होतं. मराठीच्या मास्तराला क्रियापदाशिवाय वाक्य सोडणं म्हणजे काय असतं ते मराठीचा मास्तरच जाणे. बाई खुर्चीतून माझ्याकडे बघत होत्या, अंगठा बटणावर होता. मी माईक बंद केला. साउंडवाल्याला हाताने खूण केली, तो स्पीकरही बंद झाला. मागून कुणीतरी विचारलं, "लाईट गेली का?" ईश्वरी माझ्या शेजारी स्टेजवर खाली बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मनगट कोरडं होतं. मला रडू येत होतं आणि ते मी पहिल्यांदाच माईकशिवाय रडलो.

बाई खुर्चीतून उतरून गुडघे धरत तिच्यापाशी बसल्या. "ईश्वरीताई, आभारी हाये," त्या म्हणाल्या. "मला बी हेच म्हणायचं होतं, पण माज्याजवळ कार्ड नव्हतं." मग शाल-श्रीफळ तसंच राहिलं, आणि बाई खाली सतरंजीवर बसून संध्याकाळपर्यंत पालकांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिल्या. माझं खोटं निमंत्रण असं खरं झालं. जाताना त्यांनी फलकावरचा 'चमत्कार' शब्द माझ्याकडून कागद चिकटवून झाकून घेतला.

याला आता काही वर्षं झाली. ईश्वरी उंचीने मायच्या खांद्याला लागते, कार्डांऐवजी टॅबवर चित्रं दाबते. ती मला अजून 'बाबा' म्हणालेली नाही. मी त्याबद्दल विचारणं सोडलंय, असं मी लोकांना सांगतो.

मागच्या महिन्यात, संध्याकाळी झोक्याजवळ उभा राहून मी विसरून गुणगुणू लागलो, तीच अंगाई. टॅब आत चार्जिंगला होता. ईश्वरीने इकडेतिकडे बघितलं आणि तोंडाने म्हणाली, "नको." जाडसर, घोगरा आवाज. माझ्या घरात मी कधी न ऐकलेला. माय देवघरातून बाहेर आली. बायकोच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

मी केदारखेड्याला फोन लावला. "मॅडम, ईश्वरी बोलली. 'नको' म्हणाली."

पलीकडून बाई म्हणाल्या, "कशावरून?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. फोन झोक्याच्या कडीजवळ धरला आणि अंगाईची पहिली ओळ म्हणायला घेतली. दुसऱ्या शब्दावर ईश्वरी म्हणाली, "नको." मी थांबलो.

फोन कानाला लावला. नुसता श्वास ऐकू येत होता, जरा अडखळणारा. मग आवाज आला, टक्. ते माझ्या नावावर धरलं की ईश्वरीच्या, हे मला फार विचारावंसं वाटलं. पण झोक्यावर बसून ईश्वरी माझ्याकडे बघत होती, तिला बहुतेक अजून काही सांगायचं असावं, म्हणून मी गप्प बसलो.